डिरेलरराव

पुण्यातल्या कुठल्याही टेकडीच्या पायथ्याशी रविवारी सकाळी सहाला सायकल घेऊन उभे राहा. पाच मिनिटांत कोणीतरी मागून येऊन तुमचं टायर अंगठ्याने दाबून बघेल. दचकू नका. ते डिरेलरराव आहेत.

त्यांचं खरं नाव मला माहीत नाही. त्यांनाही माझं माहीत नाही. त्यांच्या लेखी मी 'एकोणतीस इंची'. माझ्याबरोबर येणारे बँकेतले स्नेही 'साडेसत्तावीस', आणि कॉलेजातली एक मुलगी 'ती ड्रॉपरवाली'. (ड्रॉपर म्हणजे हँडलवरची कळ दाबली की सीट खाली बसते ती नळी. हेही मला त्यांनीच सांगितलं, न विचारता.) माणूस ते चाकाच्या मापावरून ओळखतात. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पोटऱ्या मात्र पंचविशीतल्या. पाठीवर एक पोतडी. तिच्यात काय नाही हे सांगणं सोपं: खायचं काही नाही.

पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "किती आहे?"

मला वाटलं किंमत विचारतायत. पुणेरी नम्रतेने मी पाचेक हजार कमी करून सांगितली.

"हवा हो, हवा!"

"फुल्ल आहे," मी अभिमानाने म्हणालो. पंक्चरवाल्याकडून सकाळीच भरून घेतली होती. त्याच्या पंपाला माझ्या ट्यूबची ती बारीक सुई बसत नव्हती, त्यामुळे त्याने आधी सुईला आणि मग सायकल बनवणाऱ्याला नावं ठेवून, कुठूनसा अडॅप्टर शोधून, दगडासारखं टायर करून दिलं होतं.

"फुल्ल म्हणजे? टायरवर लिहिलंय तेवढी? तो आकडा कमाल मर्यादेचा आहे. एसटीत 'बत्तीस बसून' लिहितात, म्हणून तुम्ही एकटे जाताना एकतीस माणसं गोळा करता का? वजन किती तुमचं?"

"अठ्ठ्याहत्तर."

"खरं सांगा."

"...एक्क्याऐंशी."

"पुढे २८, मागे ३१. ट्यूबलेस असतं तर आणखी चारपाच उतरवली असती." आणि मी काही बोलायच्या आत ते उकिडवे बसले, सुईची टोपी काढली आणि फस्सकन हवा सोडली. पुण्यात दुसऱ्याची पैसे देऊन भरलेली हवा सोडायला वेगळं काळीज लागतं. खिशातून गेज काढून दोन्ही चाकं तपासून ते म्हणाले, "जा आता. टायर दगडावरून उडता कामा नये, दगडाला बिलगलं पाहिजे."

आमच्या टेकड्यांवर मुरूम आहे. सुटा, गोट्यांसारखा. आदल्या आठवड्यापर्यंत त्याच्यावर माझं मागचं चाक चढाला जागच्या जागी फिरायचं आणि मी तिथेच उतरून देखावा बघत असल्याचं नाटक करायचो. त्या दिवशी चाक चिकटून वर गेलं. डिरेलररावांबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे. हा माणूस अधूनमधून चुकत असता तर त्याला टाळायला काही निमित्त मिळालं असतं.

आमच्या पिढीला सायकलीबाबत सल्ला घ्यायची सवयच नाही. सायकल दांड्याखालून पाय घालून शिकायची, गुडघे फोडायचे, संपलं. वर्षातून एकदा ओव्हरऑइलिंग. दुकानदार सगळे छर्रे काढून रॉकेलच्या थाळीत टाकायचा, चाकाचा आउट काढायचा, मडगार्ड पुसून द्यायचा, आणि सायकल आणखी वर्षभर कुरकुरत का होईना चालायची. चढ आला की उतरायचं, हाच गिअर. मग रेंजर आली. जाड टायर, सरळ हँडल, रुबाब डोंगरातला, आणि आयुष्यात पार केलेला सर्वांत मोठा डोंगर म्हणजे शाळेसमोरचा गतिरोधक. त्या सायकलीवरून थेट डिस्क ब्रेक आणि बारा गिअरवर आलेला माणूस म्हणजे डिरेलररावांचं हक्काचं कूळ.

त्यातून पुढचा ब्रेक हा तर आमच्या संस्कारांचा प्रश्न. "पुढचा मारलास तर तोंडावर आपटशील" हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक वडिलांनी प्रत्येक मुलाला सांगितलेलं आहे. मी उतारावर फक्त मागचा दाबायचो. चाक लॉक व्हायचं आणि मी मागे धूळ उडवत एखाद्या पौराणिक मालिकेतल्यासारखा प्रकट व्हायचो. डिरेलररावांनी मला खाणीच्या बाजूच्या उतारावर थांबवलं.

"वडील बरोबर होते," ते म्हणाले. (मला हायसं वाटलं.) "त्यांच्या काळातल्या रबराच्या ठोकळ्यांपुरते. उतारावर सगळा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणजे थांबवायची ताकदही तिथेच. एकच बोट ठेवा, हळूहळू दाबा, वळणाच्या आधी. वळणात दाबलात तर सायकल सरळ जाईल आणि तुम्ही ग्लिरिसिडियात. बूड मागे. पायडल पावणेतीनवर."

"कशावर?"

"घड्याळात पावणेतीन वाजतात तसे दोन्ही आडवे. सहा वाजवलेत तर खालचं पायडल दगडाला लागेल आणि तुमचे बारा वाजतील. गुडघे, कोपरं सैल. अर्धी बैठक. आणि दगडाकडे बघू नका. जिथे बघाल तिथेच जाल."

मी दगडाकडे बघितलं. त्या दगडाशी माझी पुढे चांगली ओळख झाली.

गुडघ्याला पट्टी बांधता बांधता त्यांनी मला कॅलिफोर्नियाची गोष्ट सांगितली. ही गोष्ट त्यांच्याकडून प्रत्येकाला एकदा ऐकावी लागते, बहुधा जखम ताजी असताना, कारण तेव्हा पळता येत नाही. मरीन काउंटीतल्या काही पोरांनी जुन्या, जाडजूड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ साली त्यांनी शर्यतच लावली. त्या सायकलींना हाताने दाबायचा ब्रेक नव्हता. पायडल उलटं मारलं की मागच्या हबमधला ब्रेक लागायचा. एका उतारात हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि खाली पोचल्यावर हब उघडून नवं ग्रीस भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नावच पडलं 'रीपॅक'. त्याच पोरांपैकी जो ब्रीझने पुढच्या वर्षी खास डोंगरासाठी फ्रेम घडवली.

"आणि तुम्ही," डिरेलररावांनी गाठ आवळली, "हायड्रॉलिक डिस्क असून चार बोटांनी आवळता!"

ब्रेकवरून आणखी एक आठवण आहे, जी मी लिहिणार नव्हतो. पावसाळ्यानंतर चेन कुरकुरू लागली म्हणून मी दाराच्या बिजागऱ्यांसाठी आणलेला गंज काढायचा फवारा तिच्यावर सढळ हाताने मारला. चेन दोन दिवस गप्प बसली, मग पूर्वीपेक्षा जोरात बोलू लागली. दरम्यान तो फवारा मागच्या डिस्कवरही उडाला होता. पुढच्या रविवारी ब्रेक दाबला की टेकडीवरचे मोर उत्तर द्यायचे आणि सायकल थांबायची नाही. डिरेलररावांनी लांबूनच ऐकलं. त्यांचा चेहरा नातेवाइकाला दवाखान्यात बघितल्यासारखा झाला.

त्या रात्री नऊ वाजता त्यांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता आणि आमची ही समोर बसली होती.

"अल्कोहोल आहे का घरात?"

हिने माझ्याकडे बघितलं.

"आयसोप्रोपिल. नसेल तर मी घेऊन येतो. डिस्क पुसून घ्यायची. पॅडनी तेल पिलं असेल तर फेकून द्या, सुधारणार नाहीत. एकदा पिलेलं पॅड कामाला येत नाही." फोन ठेवल्यावर ही बराच वेळ काही बोलली नाही.

पॅड नवे टाकावे लागले. नवे पॅड लगेच नीट धरत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. सपाटीवर वेग घ्यायचा, ब्रेक दाबून चालीच्या वेगावर यायचं, पण पूर्ण थांबायचं नाही. असं वीसतीस वेळा. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात मी हे व्रत केलं. ते आकडे मोजत वॉचमनच्या खुर्चीवर बसले होते.

चेनीच्या बाबतीत त्यांचं तत्त्वज्ञान सावकारी आहे. तेल प्रत्येक कडीवर एक थेंब. मग पायडल उलटं फिरवायचं आणि वरचं तेल फडक्याने पुसून काढायचं. "तेल आत पाहिजे. बाहेरचं तेल धुळीला आमंत्रण आहे, आणि पुण्याची धूळ आमंत्रणाशिवायही येते." महिन्यातून एकदा ते पोतडीतून स्टीलची पट्टी काढून सगळ्यांच्या चेनी मोजतात. बारा इंचांत बारा जोड्या आणि पिन बरोबर बारावर, म्हणजे चेन धडधाकट. पिन एक षोडशांश इंच पुढे सरकली की चेन बदलायची. एक अष्टमांशापर्यंत चालढकल केलीत, तर तोवर तिने मागची दातेरी कॅसेटही खाल्लेली असते, आणि कॅसेट चेनीपेक्षा महाग. एक षोडशांश इंच बघायला चष्मा लावावा लागतो. पट्टी समोर धरून रांगेत उभ्या सायकलींची नाडी बघणारे डिरेलरराव बघितले, की आपली सायकल पास होईल ना, अशी दहावीतली धडधड सुरू होते.

एकदा त्यांच्या घरी जायचा योग आला. दिवाणखान्यात सोफा असतो तिथे दुरुस्तीचा स्टँड होता. त्यांच्या पत्नी फार शांत आहेत. "बसा, पण त्याला हात लावू नका, तो लेव्हलला आहे," एवढंच म्हणाल्या. भिंतीवर कालनिर्णय होतं. दुधाच्या खाड्यांशेजारी 'सीलंट – मागे' अशी नोंद. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब नसते. तिच्याऐवजी पांढरा चीक भरतात आणि बाभळीचा काटा घुसला की तो तिथल्या तिथे भोक बुजवतो. पण चीक काही महिन्यांत वाळतो, आणि आपल्या उन्हात तर लवकरच, म्हणून ही तारीखवार नोंद. मोरीच्या नळाशी पाच टूथब्रश होते. "चार कॅसेटचे आहेत," निघताना वहिनी म्हणाल्या. "पाचवा कुठला ते मी लक्षात ठेवलंय, ह्यांनी नाही."

सायकल मात्र ते बादलीने आणि जुन्या बनियनने धुतात. गाड्या धुवायच्या फवाऱ्याजवळ कोणी सायकल नेली, तर बेअरिंगमधलं ग्रीस जाईल या विचारानेच त्यांचा रक्तदाब वाढतो.

हे सगळं वाचून ते केवळ बोलघेवडे आहेत असं वाटेल. तसं नाही. चालवतात ते उत्तम. अडचण एवढीच, की त्यांची फेरी कधी पूर्ण होत नाही. दर दोनशे मीटरवर कोणाची तरी सीट खाली असते. ("टाच पायडलवर, पायडल सर्वांत खाली, गुडघा सरळ. मग पंजा ठेवला की बरोबर वाकतो. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरकडे जाताय? आधी सीट वर करा.") कोणी चढ सुरू झाल्यावर कडाकड गिअर टाकत असतो, चढाच्या आधी टाकायचा सोडून. फिरायला आलेली आजी दिसली की ते स्वतः सायकलवरून उतरतात, आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कोणाला मातीच्या वाटेवर चाक घालू देत नाहीत. चाकोरी पडते, त्यातून पाणी वाहतं, वाट जाते. तिथे मात्र ते सल्ला देत नाहीत, दटावतात.

माझी सायकल पार्किंगमध्ये उजव्या अंगावर पडली तेव्हाची गोष्ट. गिअर नाचायला लागले. मी डिरेलरचे स्क्रू पिळून पिळून आणखी वाट लावली होती. त्यांनी मागून एक डोळा मिटून बघितलं. "स्क्रू बिचारे निर्दोष आहेत. हँगर वाकलाय." डिरेलर फ्रेमला ज्या छोट्या तुकड्याने लटकतो, तो मुद्दाम मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात. आपटल्यावर तो आधी वाकतो, म्हणजे महागडा डिरेलर आणि फ्रेम वाचतात. "प्रत्येक घरात असा एक माणूस असतो," ते म्हणाले आणि पोतडीत हात घातला.

हँगर प्रत्येक सायकलचा वेगळा असतो. माझ्या सायकलचा जादा हँगर माझ्याकडे नव्हता. त्यांच्याकडे होता. चिठ्ठी लावलेल्या पुडीत. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'एकोणतीस इंची, ८१ किलो'.

गेल्या महिन्यात वेताळ टेकडीवर त्यांचं स्वतःचं टायर फाटलं. काळ्या दगडाच्या धारेने बाजूलाच चीर गेली, आणि एवढी चीर कुठलाही चीक बुजवत नाही. आतून दहाची नोट लावून ट्यूब टाकली की घरापर्यंत जाता येतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. नोट होती. पण ट्यूब अर्ध्या तासापूर्वी एका अनोळखी पोराला देऊन झाली होती, आणि हवेची शेवटची नळी माझ्या चाकात होती. आम्ही सायकली ढकलत उतरू लागलो. डिरेलरराव गप्प होते, हे मला फाटलेल्या टायरपेक्षा भयंकर वाटलं.

मागून एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा आला. थांबला. न विचारता वाकला आणि फाटलेलं टायर अंगठ्याने दाबून बघितलं.

"काका, हवा किती होती?"

"मागे एकोणीस."

"कमी आहे, काका. तुमच्या वजनाला आणि या दगडाला चोवीसच्या खाली नाही जायचं. याची बाजू पातळ आहे, बघा."

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा डिरेलरराव उकिडवे बसले होते, टायरची कड बोटांत चुरगाळून बघत.

"चोवीस," ते म्हणाले. "आणि पुढे?"

"एकवीस."

"रिम आतून किती रुंद धरलीस? आणि तुझं वजन किती? खरं सांग."

मुलगा खाली बसला. पोतडी उघडली गेली, गेज बाहेर आलं. सव्वाआठ झाले होते, ऊन चढायला लागलं होतं. एका हाताने माझी, दुसऱ्या हाताने त्यांची सायकल धरून मी एकटाच खाली निघालो.