चालू आहे ना? मग हात लावू नको!

(शिरूरमधल्या एका पतसंस्थेचं मुख्य कार्यालय. शाखा एकच, दौंडला. कपाटावर मेल सर्व्हर. त्याला झाकण म्हणून जुनं कॅलेंडर.)

संगणकवाला : अण्णा, सर्व्हर तासभर बंद ठेवावा लागेल. अपडेट टाकायचेत.

सचिव : काय बिघडलंय?

संगणकवाला : काहीच नाही.

सचिव : चालू आहे ना? मग हात लावू नको!

संगणकवाला : बिघडू नये म्हणूनच करायचंय.

सचिव : वायरमनची भाषा शिकलास. तोही गुरुवारी लाइट घालवतो, बिघडू नये म्हणून. शुक्रवारी डीपी उडते.

संगणकवाला : डिस्क ९४ टक्के भरलीय. पूर्ण भरली की आलेली पत्रं आत घेणारच नाही.

सचिव : दिवसाला दहा पत्रं येतात. त्यानं भरली?

संगणकवाला : दौंड शाखेच्या वर्धापनदिनाचे फोटो. प्रत्येक संचालकाला एकेक प्रत. त्यात मेलमधून जाताना फोटोचं वजन एक तृतीयांशानं वाढतं. तीन बाइटची चार अक्षरं करून पाठवावी लागतात.

सचिव : वाढतं? अरे, आमचा ऊस काट्यावर गेला की हलका होतो, अन् तुझ्याकडं फोटो जड होतो! हेच सॉफ्टवेअर वजनकाट्याला बसव की.

संगणकवाला : तासभराचं बोला.

सचिव : तेवढ्यात सहायक निबंधकांचं पत्र आलं तर?

संगणकवाला : हरवत नाही. आपलं दार बंद दिसलं की पाठवणारा सर्व्हर पत्र स्वतःकडं ठेवतो, अन् थोड्या थोड्या वेळानं परत ठोठावतो. आपल्या सर्व्हरवरचा पोस्टफिक्स प्रोग्रॅमसुद्धा बाहेर न गेलेलं पत्र पाच दिवस धरून बसतो, मगच हात टेकतो.

सचिव : पाच दिवस! आपला वसुली अधिकारी थकबाकीदाराच्या दाराला एकदा कुलूप दिसलं की न्हावऱ्याला चहा पिऊन परत येतो.

संगणकवाला : वसुलीचंच सांगतो. आपल्या नोटिसा लोकांच्या स्पॅममध्ये पडतायत.

सचिव : थकबाकीदार असंच म्हणणार.

संगणकवाला : या वेळी खरं बोलतायत. आपल्या नावानं फक्त शिरूरचा सर्व्हर पत्र पाठवील, अशी डोमेनच्या नोंदीत आपणच कबुली दिलीय. त्याला एसपीएफ म्हणतात. दौंडवाल्यांनी घेतला नवा स्कॅनर, तो तिथूनच परस्पर पत्रं सोडतो. अन् फेब्रुवारी २०२४पासून जीमेल कडक झालंय. नाव शिरूरचं, पत्र निघालं दौंडहून, म्हणजे बोगस.

सचिव : त्यांचं कायमचंच आहे. शाखा एवढीशी, तोरा जंक्शनचा! पण काय रे, एवढं सगळं चाललंय तर सर्व्हर सांगत का नाही?

संगणकवाला : रोज रात्री सांगतो. डिस्क भरत आली, बॅकअप झाला नाही, सगळं लिहून कळवतो. पोस्टमास्टर नावाची पेटी प्रत्येक मेल सर्व्हरवर असावीच लागते, १९८२पासूनचा नियम आहे. तिच्यात पत्र टाकतो.

सचिव : ती पेटी बघतं कोण?

संगणकवाला : ती मोठ्या क्लार्ककाकांच्या नावाला जोडलीय.

सचिव : ते कधीच निवृत्त झाले!

संगणकवाला : हो ना. हजारो पत्रं पडलीत. एकही उघडलेलं नाही.

सचिव : नोकरीत होते तेव्हाही त्यांचं टेबल तसंच होतं. थांब, बॅकअप झाला नाही म्हणालास? त्यासाठी मी स्वतः हार्ड डिस्क मंजूर केली होती.

संगणकवाला : आहे की, तुमच्या मॉनिटरखाली. उंची जमत नव्हती म्हणून तुम्हीच घेतली.

(सचिव मॉनिटर उचलून बघतात आणि तसाच अलगद परत ठेवतात.)

सचिव : मग आधी का बोलला नाहीस?

संगणकवाला : मागच्या सभेत बोललो. ऐनवेळच्या विषयात होतं, तोवर जेवणं आली. हे काम वेळेवर झालं की कुणाला दिसत नाही अण्णा. अन् जे दिसत नाही, त्याचं बिल निघत नाही.

सचिव : बिलाचा विषय मध्येच घुसवू नको. लिहून घे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी सात ते आठ, सर्व्हर बंद. पोस्टमास्टरची पेटी तुझ्या मोबाइलवर. दौंडच्या स्कॅनरला इथल्या सर्व्हरवरूनच जायला लाव. वर्धापनदिनाचे फोटो काढून टाक. अध्यक्षांचे तेवढे ठेव.

संगणकवाला : अन् हार्ड डिस्क?

सचिव : घेऊन जा. मॉनिटरखाली मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल लाव, ते कुणी मागत नाही.

संगणकवाला : घेतलेला बॅकअप एकदा परत उतरवूनही बघायला लागेल. नाहीतर आपण बॅकअप आहे म्हणत बसायचं, अन् आत काहीच नाही.

सचिव : बघ. पण माझी पेटी उतरवून बघू नको.

संगणकवाला : स्कॅनरसाठी दौंडला जावं लागेल. पेट्रोल?

सचिव : किरकोळ खर्चात टाक. मात्र वाटेत चौफुल्याला थांबलास, तर तिथली पावती इथं आणायची नाही. आपले दोन संचालक तिथंच बसलेले असतात, सही त्यांच्याकडूनच घे.