फुटबॉल सोडून बाकी सगळं

वसईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शालेय फुटबॉलचे बरेचसे सामनेही नेमके तेव्हाच पडतात. यात कुणाचं चुकलं असं म्हणता येत नाही. दिवाळी झाली की इथली मैदानं क्रिकेटच्या ताब्यात जातात. आधी सीझन बॉलवाले, मग टेनिस बॉलवाले, मग दिवे लावून अंडरआर्म, ते थेट मे अखेरपर्यंत. उरलेले महिने फुटबॉलचे. क्रिकेटला पावसाळा नकोच असतो असंही नाही, मुंबईत कांगा लीग 1948 पासून पावसातच खेळतात. आमच्याकडे त्यांनी पावसाळा सोडला, हा त्यांचा मोठेपणा समजायचा.

त्यात दिल्लीचं वेळापत्रक. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाने 1960 पासून शाळांची स्पर्धा होते. तिथे महाराष्ट्राचा संघ पोचायचा तर त्याआधी राज्य, त्याआधी विभाग, त्याआधी जिल्हा. असं मागे मागे सरकत तारीख आमच्या शाळेच्या गेटपाशी येते, तेव्हा मुलांच्या वह्यांना कव्हरंसुद्धा घालून झालेली नसतात. जुलैत वसई कशी दिसते हे दिल्लीकरांना ठाऊक असण्याचं कारण नाही. 2018 च्या जुलैत वसई-विरारमध्ये लोकल बंद पडल्या होत्या आणि मिठागरातल्या वस्तीला पाण्याने वेढा घातला होता. जिथे रूळ दिसत नव्हते तिथे पेनल्टी एरियाची रेघ काय दिसणार? आमचे पीटीचे सर तरी नियमाने सकाळी फक्की मारतात. पाच मिनिटांत तिचं दुधाळ पाणी होऊन ते कॉर्नरच्या दिशेने वाहू लागतं, आणि बॉल बाहेर गेला की नाही हे ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

मैदान किती असावं याचा जागतिक नियम आहे. लांबी 90 ते 120 मीटर, रुंदी 45 ते 90. आमचं मैदान त्यात बसतं, पण त्याच्या मधोमध क्रिकेटचं पिच आहे. पिचवर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर विटा, आणि विटांच्या रक्षणाला एक गृहस्थ खुर्ची टाकून छत्रीत बसलेले. त्यांच्यासमोर पिचवर पाय ठेवण्याची हिंमत आजवर एकाही मिडफिल्डरने केलेली नाही. त्यामुळे आमच्या शाळेचा खेळ दोन्ही कडांनीच चालतो. सर त्याला विंग प्ले म्हणतात. परवा बाहेरच्या शाळेचे एक प्रशिक्षक सरावाला येऊन उभे होते. ते म्हणाले, ‘तुमची मुलं मधून खेळतच नाहीत हो, हा डावपेच छान बसवलाय.’ सर काही बोलले नाहीत. शेजारच्या गृहस्थांनी विटा मोजल्या.

बॉलचं म्हणाल तर बॉल आहे. 2017 साली 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला, नवी मुंबईतही सामने झाले. त्याआधी 15 सप्टेंबरला राज्यातल्या दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा अशी सरकारी मोहीम निघाली आणि शाळांना बॉल वाटले गेले. आमच्या वाट्याचा एक बॉल अजून सुस्थितीत आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत काचेच्या कपाटात, आंतरशालेय वक्तृत्वाच्या ढालीशेजारी. त्याची डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. नोंद असल्यामुळे तो हरवून चालत नाही, हरवू नये म्हणून तो बाहेर काढता येत नाही. मुलं ज्याने खेळतात तो बॉल पालकांनी वर्गणीतून आणला, आणि तो कुठल्याच रजिस्टरला नाही. तो पाणी प्यायला की असा जड होतो की डोक्यावर घेणाऱ्या पोराकडे सगळे आदराने बघतात.

आता कागद. मुलगा 14 वर्षांखालील आहे हे सिद्ध करायला जन्मदाखला, आधार कार्ड, बोनाफाईड, आणि ओळखपत्रावरचा फोटो, ज्यावर शिक्का अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर पडला पाहिजे. शिक्का पूर्ण फोटोवर पडला तर मुलगा कोण ते कळत नाही, पूर्ण कागदावर पडला तर मुलगा खोटा. शिवाय वयाची रेघ 1 जानेवारीला ओढलेली. त्या तारखेच्या आगेमागे जन्मलेल्यांत एक अख्खा गट इकडचा तिकडे होतो. जानेवारीत जन्मलेला स्टॉपर दाढीच्या उंबरठ्यावर असतो आणि डिसेंबरातला लेफ्ट बॅक, म्हणजे आमचे चिरंजीव, त्याच्या काखेखालून मैदान बघतात. आमच्या वडिलांच्या पिढीत हा प्रश्नच नव्हता. तेव्हा गुरुजी अख्ख्या गावाला 1 जूनला जन्माला घालत. एकच तारीख, एकच वय, तंटा नाही.

एवढं करून स्पर्धा बाद पद्धतीची. म्हणजे सामने खेळलेल्यांपैकी निम्मे संघ पहिल्याच फेरीत घरी. शाळा सुरू झाल्यापासून पहाटे उठून, डबे करून, ओले मोजे पंख्याखाली वाळवून जी तयारी होते तिचा निकाल पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन हाफमध्ये लागतो. हाफटाइमला लिंबू सरबत मिळतं, तेही पावसाने आपोआप पातळ केलेलं. गेल्या वर्षी आमच्या 17 वर्षांखालच्या पोरांनी मनापासून सराव केला आणि साडेनऊला सुरू झालेला हंगाम दहा-सव्वादहाला संपला. टायब्रेकरमध्ये. पाचवी किक घेणाऱ्याचा उजवा बूट बॉलपेक्षा पुढे गेला.

याउलट 14 वर्षांखालचे. त्यांना लॉट्समध्ये बाय मिळाली. पुढच्या फेरीत समोरच्या शाळेच्या बोनाफाईडवर गोल शिक्का नव्हता, चौकोनी होता, म्हणून वॉकओव्हर. बॉलला पाय न लावता पोरं उपांत्य फेरीत. शाळेच्या फळ्यावर रंगीत खडूने अभिनंदन झळकलं, परिपाठात टाळ्या झाल्या. तिथे चार गोल खाल्ले ते सोडा. पण वर्षभराच्या कामगिरीत शाळेचा सर्वात यशस्वी संघ तोच, आणि तो यशस्वी का झाला याचा अभ्यास करावा असं कुणाला वाटत नाही, हेही ठीकच.

मुलींच्या संघाबद्दल तक्रार करायची तर आधी त्यांच्याकडे कुणीतरी बघायला हवं. अकरा जणी जमत नाहीत. दोघी खो-खोला, एकीला आईने आणि एकीला क्लासने सोडलेलं नाही. नियमाने सात जणी असल्या तरी सामना सुरू करता येतो, म्हणून आमच्या आठ जणी उतरल्या. कपडे बदलायला जागा नव्हती. ज्या खोलीत बदलायचं होतं तिथे क्रिकेटचं मॅट गुंडाळून ठेवलेलं, खोलीला कुलूप आणि किल्ली त्या छत्रीवाल्या गृहस्थांकडे. ते चहाला गेलेले. मुली बसमध्येच, दप्तरांचा आडोसा करून तयार झाल्या, खेळल्या आणि जिंकल्या. बघायला दोन आया, एक रिक्षावाले काका आणि पाऊस. नंतर व्हॉट्सॲपवरच्या अभिनंदनात मुलांचा फोटो लागला, कारण मुलींचा कुणी काढलाच नव्हता.

पालकांविषयी फार लिहीत नाही, मीही तिथेच उभा असतो. ज्यांनी उभ्या आयुष्यात ऑफसाइडचा नियम कुणाकडून समजून घेतला नाही तेच ‘ऑफसाइड!’ सर्वात आधी ओरडतात. रेफ्री एकटे. सकाळपासून तेच पळताहेत, शिट्टीत पाणी गेलेलं, ती वाजते की रडते ते कळत नाही. लाइनमन म्हणून समोरच्याच शाळेचे सर. एका आजोबांनी रेनकोटातून हात काढून त्यांना विचारलं, ‘झेंडा वर केलात तो नियमाने की पगाराने?’ सरांनी झेंडा बगलेत धरला आणि कपाळ पुसलं.

सरतेशेवटी सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. ते आलं तेव्हा डिसेंबर होता आणि मैदानावर पिचची ताडपत्री निघालेली होती. चिरंजिवांचं आडनाव अर्धं छापलेलं आणि खेळापुढे ‘व्हॉलीबॉल’. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा कागद नीट असलेला बरा, म्हणून मी कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर करून प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं.

‘मुलगा व्हॉलीबॉल खेळत नाही का?’

‘नाही.’

‘मग आडनाव दुरुस्त करून देते. खेळ बदलायचा तर मॅच झाल्याचा पुरावा लागेल. स्कोअरशीट आहे?’

स्कोअरशीट त्या दिवशी भिजून गेली होती. तसं सांगितल्यावर त्यांनी सहानुभूतीने मान हलवली आणि एक कोरा फॉर्म पुढे केला. त्यात सोबत जोडायच्या कागदांची यादी होती. पहिल्या क्रमांकावर बोनाफाईड, गोल शिक्क्यासह.