बेल्टवाले काका
हे काका तुमच्याही सोसायटीत आहेत. मुलुंड असो की बोरिवली, सकाळी पार्किंगमध्ये कुणाच्या गाडीने ‘कुंईऽऽ’ केलं की दुधाची पिशवी हातात घेऊन ते उगवतात, बॉनेट उघडायला लावतात आणि निकाल देतात, “बेल्ट.” गाडी तापली? बेल्ट. बॅटरी उतरली? बेल्ट. लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकली तरी पहिला संशय बेल्टवरच. त्यांची टर उडवणं सोपं आहे. पण या हट्टामागे तर्क आहे आणि तो कुर्ल्यात तयार झाला. तिथल्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत एकच फॅन बेल्ट पंखा, पाण्याचा पंप आणि चार्जिंग सांभाळायचा. तो ढिला पडला की गाडी तापायची, लाल दिवा लागायचा, बॅटरी बसायची. सगळ्या तक्रारींचं उत्तर खरोखरच एक होतं आणि ते अंगठ्याने दाबून बघता यायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बाद झाली. काकांचा अंगठा अजून सेवेत आहे.

आक्षेप असा की आता गाड्या बदलल्या. बरोबर आहे. आज बऱ्याच गाड्यांत एकच लांब, खाचांचा बेल्ट अल्टरनेटरपासून एसीच्या कॉम्प्रेसरपर्यंत सगळं फिरवतो. ओरडतो तो, दुखणं भलत्याचंच असतं. ब्रॅकेटचा बोल्ट सैल झाला की अल्टरनेटर थरथरतो, पुली रेषेतून सरकते, बेल्ट तिरका धावतो आणि किंचाळतो. नवा बेल्ट टाका, चार दिवस शांतता, पुन्हा कुंई. मात्र निकाल दिल्यावर काका तपास सुरू करतात, हे लोक विसरतात. चालू इंजिनात ते बेल्टच्या खाचांवर बाटलीतलं थोडं पाणी उडवतात. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली तिरकी, वाढला तर ताण कमी. (अंधेरी सबवेच्या पाण्यातून गाडी काढली की ढिला बेल्ट ही कबुली फुकटात देतो.) मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरवर, मूठ कानाला, घरघर आली तर बेअरिंग. शेवटी इंजिन बंद करून अल्टरनेटर हाताने हलवून बघायचा. हललाच, तर कुणीही ‘बोल्ट’ म्हणेल. काका म्हणतात, “बेल्टचा बोल्ट.”

स्कॅनर असताना हे कशाला? स्कॅनर चार्जिंगचे साधारण १४ व्होल्ट दाखवेल, पण सैल बोल्टला सेन्सर नसतो. शिवाय काका चुकले तर बेल्टपुरते पैसे जातात. काउंटरमागून न उठता अख्ख्या अल्टरनेटरचं एस्टिमेट देणारा चुकला तर हिशोब वेगळा. एकाच बाबतीत काकांना आवरावं. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासणं ही डायनामोच्या जमान्यातली युक्ती. आज त्यात अल्टरनेटरचे डायोड आणि गाडीचा कॉम्प्युटर, दोन्ही जाऊ शकतात.

आता पार्किंगमध्ये हिरव्या नंबरप्लेटी वाढल्यात. त्या इलेक्ट्रिक गाड्यांत अल्टरनेटर नाही, इंजिनाचा बेल्ट तर नाहीच. तरी बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी ढिम्म राहते आणि मालक काकांचीच बेल वाजवतो. काका खाली येतात, बॉनेट उघडायला लावतात, बराच वेळ आत शोधतात.

“बेल्टच ठेवला नाही,” ते म्हणतात, “मग असंच होणार.”