सुईवाचून भूल

दातांच्या दवाखान्यात माणूस दाताला भीत नाही, सुईला भितो. रात्रभर ठणका सोसेल, लवंग चघळेल, मिठाच्या पाण्याने गुळण्या करील, पण हिरडीत सुई? नको रे बाबा!

ही भीती जगभरची असावी, कारण दंतवैद्यांनी दुखू नये म्हणून काय काय केलं आहे! अमेरिकेतल्या हॉरेस वेल्सने 1844 मध्ये हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली. पुढे 1960 मध्ये लेसर जन्माला आला आणि पाचच वर्षांत लिऑन गोल्डमन या त्वचातज्ज्ञाने तो आपल्या भावाच्या दातावर मारून पाहिला. भाऊ स्वतः दंतवैद्य. दुखलं नाही म्हणाला. आमच्याकडे सख्ख्या भावावर प्रयोग होतात ते फक्त वाटणीच्या कागदांवर.

माझ्या शेवटच्या दाढेवर हिरडीचा एक पदर चढला होता आणि त्याखाली चिवड्यातली डाळ मुक्कामाला असायची. "काका, सुई नको. लेसरनेच बधिर करू, लेसरनेच कापू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आधी भूल द्यायची आणि मग कापायचं, दोन्ही एकाच हाताने. हे मी आजवर फक्त निवडणुकीत पाहिलं होतं. "मात्र सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही हं. दुखलं तर हात वर करा." ट्रेमध्ये नॅपकिनखाली सुई होतीच. मी पाहिली.

त्यांनी, मदतनीस मुलीने आणि मी रंगीत चष्मे चढवले. खरा किरण दिसत नाही. दिसतो तो नेम धरण्यापुरता लाल ठिपका. आधी नळी हिरडीपासून लांब धरली. त्याने तिथल्या नसांचे निरोप थोडा वेळ थोपतात म्हणे. टक्‌टक्‌ आवाज, पाण्याचा बारीक फवारा. मग नळी जवळ आली. मी हात तयार ठेवला होता, पण वर करण्याजोगं काही घडेचना. किंचित चुरचुर झाली, तेवढ्यासाठी हात वर करणं बरं दिसलं नसतं.

बाहेर आलो आणि नुकसान लक्षात आलं. लिग्नोकेनच्या सुईत ॲड्रिनलिन मिसळलेलं असतं, त्यामुळे भूल चांगली दोन-तीन तास रेंगाळते. ओठ लोंबतो, पाणी पिताना शर्टावर सांडतं. ते पाहून घरी मऊ वरणभात मिळतो, टीव्हीचा रिमोट मिळतो, कुणी काम सांगत नाही. आता ओठ जागच्या जागी आणि बिल मात्र सुईच्या वरताण.

तेवढ्यात घरून फोन. "झालं ना? मग येताना गिरणीतून दळण घेऊन या."

मी तोंड वाकडं करून दोन शब्द बोबडे बोलून पाहिले.

"अहो, नीट बोला," ती म्हणाली. "आणि डबे दोन आहेत. ज्वारीचा विसराल."