बाळा, त्यांना सांग

बारशाच्या आदल्या दिवशी जावईबापूंनी फर्मान काढलं. बाळाशी कोणी बोबडं बोलायचं नाही. कुत्र्याला कुत्रा म्हणायचं, भूभू नाही. दुदू नाही, दूध. भूर जायचं नाही, फिरायला जायचं. फर्मान अर्थातच अत्यंत नम्र होतं. 'आई, गैरसमज करून घेऊ नका, पण...' असं सुरू झालेलं. जावयाने 'गैरसमज नको' म्हटलं की सासूने जे समजायचं ते समजूनच घेतलेलं असतं. आमच्या हिने त्यांना एका शब्दानेही उत्तर दिलं नाही. ती पाळण्यापाशी गेली, दुपटं सारखं केलं आणि नातीला म्हणाली, 'ऐकलंश का गं छोने, बाबा काय म्हन्तात? आजीला नीत बोलता येत नाही म्हने! मग तुज्या आईला बोलायला कोनी शिकवलं गं? बाबांनी?'

नातीला अजून मान धरता येत नव्हती, पण निरोप पोचवता येत होता. जावईबापू फोन कानाला लावून गॅलरीत गेले आणि बराच वेळ 'हं, हं' करत उभे राहिले. फोन चार्जिंगला आत लावलेला होता. कानाला होता तो टीव्हीचा रिमोट.

बाळाशी बोलणं हे बाळासाठी असतं, ही समजूत ज्या घरात बाळ नाही त्या घरातली. मराठी घरात सासू-सून, दीर-भावजय, सासरा-जावई ही मंडळी एरवी एकमेकांशी एक तर बोलत नाहीत किंवा जपून बोलतात. पाळणा टांगला की टपालखातं सुरू होतं. 'बाबांना सांग, ओला टॉवेल गादीवर टाकू नका.' 'आजोबांना विचार, बातम्या सगळ्या गल्लीला ऐकवायच्यात का?' उत्तरही त्याच मार्गाने परत येतं. बाळ दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकून घेतं आणि मधूनच दूध ओकतं. त्याचा अर्थ ज्याने त्याने आपल्या बाजूने लावायचा.

आंघोळ घालायला येणाऱ्या बाई या कलेत आमच्या सगळ्यांच्या वर. पायांवर बाळाला पालथं घालून तेल चोळता चोळता त्या म्हणायच्या, 'मागच्या बाळाच्या आजीनं मला काठापदराचं लुगडं दिलं, ठाऊक आहे का तुला? तू नको गं बाई देऊ. तू आपलं साधंच दे.' बाळ किंचाळत होतं. आमची ही चहा गाळत होती. गाळणं हातातच राहिलं.

आणि माझी आई, म्हणजे बाळाची पणजी. तिचा काळ वेगळा, पण पद्धत हीच. आमची मुलगी लहानपणी पडली की आई आधी जमिनीला एक धपाटा घालायची, मग मुंगी मेल्याचं जाहीर करायची. त्या काळात आमच्या घरात एवढ्या मुंग्या मेल्या की साखरेच्या डब्याला झाकण लावायची गरज उरली नव्हती. जमीन रडकुंडीला आली की आई तिला विचारायची, 'कोनी गं सांडलं इथे पानी?' हा प्रश्न मात्र जमिनीला नसायचा. स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजायला लागायची, त्यावरून तो कुणाला होता ते कळायचं.

तर फर्मानाकडे परत. आमच्या हिने लढाई आपल्या पद्धतीने सुरू केली होती. मी कागदपत्रं शोधायला घेतली. बँकेत नोकरी झाल्यामुळे कागदाशिवाय मला वाद घालता येत नाही. आणि घबाडच सापडलं. चार्ल्स फर्ग्युसन नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने 1964 साली सहा भाषांमधल्या बाळबोलीवर एक लेख लिहिला. सगळ्या जगातून भाषा निवडल्या सहा: अरबी, इंग्रजी, स्पॅनिश, अमेरिकेतल्या आदिवासींची कोमांची, सायबेरियाच्या पूर्व टोकाला सखालिन बेटावर बोलली जाणारी गिल्याक, आणि मराठी! फ्रेंच नाही, जर्मन नाही, हिंदीसुद्धा नाही. त्याच वर्षी आपल्या अशोक रा. केळकरांनी मराठी बाळबोलीवर स्वतंत्र शोधनिबंध प्रसिद्ध केला. 'रुजुवात'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेच केळकर. एवढा मोठा विद्वान मम, भूर आणि बाऊ गोळा करत बसला होता, या कल्पनेने माझी छाती भरून आली. हिची त्याहून जास्त. 'बघ गं छोने, तुझ्या आजीची भाषा अमेरिकेत छापून आलीय.'

फर्ग्युसनचा मुद्दा आमच्या फार कामाचा निघाला. बाळबोली बाळं तयार करत नाहीत. ती मोठ्यांची असते. आजी आईला देते, आई मुलाला, आणि मूल मोठं होऊन पुन्हा पुढे देतं. पाठांतराने आलेली असते ती, वेदांसारखी. (वेदांचं नाव मी जावयासाठी घेतलं. त्यांना परंपरेचा अभिमान आहे.) शिवाय पुरावे जुने. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्हॅरो नावाच्या पंडिताने टिपून ठेवलंय की तिथली मुलं खाण्याला पप्पा म्हणतात, पिण्याला बुआ, आईला मम्मा आणि वडिलांना टाटा. जावईबापू रोज सकाळी ऑफिसला निघताना आम्ही नातीचा हात धरून त्यांना टाटा करत होतोच. ते अस्सल रोमन संबोधन निघालं.

पण जावई इंजिनिअर आहेत, आणि इंजिनिअर माणूस रात्री झोपत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पापुआ न्यू गिनी आणलं. तिथल्या कालुली लोकांमध्ये बाम्बी शिफलिन या विदुषी 1970च्या दशकात राहिल्या होत्या. कालुली लोक बाळाशी बोबडं बोलतच नाहीत. त्यांचं म्हणणं असं की बाळाला काही समजत नसतं, मग त्याच्याशी गप्पा कसल्या मारायच्या? आणि बोलायला लागल्यावर तर त्याला कणखर, खणखणीत भाषा यायला हवी. आपणच त्याच्यासमोर लाडीगोडी केली तर तो ती शिकणार कुठून? सामोआ बेटांवर एलिनॉर ऑक्स यांनाही असंच काहीसं दिसलं. मोठी माणसं मुलांसाठी भाषा सोपी करत बसत नाहीत. आणि एवढं होऊन कालुलींची मुलं कालुली बोलतात, सामोआतली सामोअन बोलतात, वेळेवर आणि भरपूर. 'मुद्दा लक्षात येतोय ना, बाबा?' जावईबापू मला म्हणाले. येत होता.

फक्त त्यांनी पुढचं पान वाचलं नव्हतं. ते मी वाचलं. कालुली आई बाळाला स्वतःकडे तोंड करून धरत नाही. समोरच्या माणसांकडे तोंड करून धरते, आणि बाळाच्या वतीने स्वतःच बोलते. बारीक, नाकातल्या आवाजात. मोठा भाऊ बाळाशी काही बोलला की उत्तर आई देते, बाळ म्हणून. हे मी मोठ्याने वाचून दाखवलं. ही शेपू निवडत होती. तिने नातीला उचललं, जावयाकडे तोंड करून धरलं आणि नाकातल्या आवाजात म्हणाली, 'बाबा, आजी बलोबल होती ना?'

ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांची गोष्ट मात्र मी घरात काढली नाही. तिथल्या आया बाळाशी बोलताना आवाज चढवत नाहीत असं संशोधकांना आढळलं, आणि त्याचं एक कारण त्यांनी असं सुचवलं की त्या समाजात आवाज चढा करतात तो आपल्याहून वरच्या माणसाशी बोलताना, आदराने. मी झोनल मॅनेजरांशी फोनवर ज्या आवाजात बोलायचो तो आठवून पाहिला. आमच्या शाखेत किचे माया परंपरा होती.

2022 साली या सगळ्याची मोठी मोजणी झाली. एकवीस समाजांतल्या 410 माणसांचं बोलणं आणि गाणं ध्वनिमुद्रित केलं. बाळासमोरचं वेगळं, मोठ्यांसमोरचं वेगळं, एकूण 1,615 तुकडे. शहरातली माणसं होती, खेड्यातली होती, शिकार करून जगणारीही होती. मग हे तुकडे इंटरनेटवरून 187 देशांतल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांना ऐकवले आणि विचारलं: हे बाळासाठी आहे का? लोकांनी ओळखलं. भाषेचा गंध नसताना ओळखलं. प्रत्येक वेळी नाही, पण अंदाजपंचे म्हणता येणार नाही इतक्या वेळा. बाळाशी बोलताना बहुतेक ठिकाणी सूर चढतो आणि हेलकावे खातो. गाताना उलट, आवाज मवाळ होतो.

म्हणजे बाळाला लागतो तो सूर. बाळाचा शब्दांवर डोळा नाही. शब्द मोकळे राहतात, आणि मोकळा शब्द मोठी माणसं वाया जाऊ देत नाहीत.

अंगायांमधून जगभरच्या बायांनी काय काय बोलून घेतलंय ते बघा. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची एक बॅबिलोनी मातीची पाटी आहे. तिच्यावर बाळाला गप्प करण्याचं गाणं कोरलंय, आणि त्यात बाळाला सुनावलंय की तुझ्या रडण्याने घरातला देव जागा झाला. घरातला देव! आमच्याकडे बाळ होतं त्या काळात रात्री दोनदा जागा होणारा मीच होतो, त्यामुळे या ओळीचा खरा पत्ता मला लगेच कळला. इंग्रजांच्या सर्वांत प्रसिद्ध अंगाईत फांदी मोडते आणि बाळासकट पाळणा खाली येतो. हे त्यांना गोड वाटतं. जपानात कुमामोतोकडच्या इत्सुकी गावची अंगाई आईची नाहीच, ती श्रीमंताघरी मुलं सांभाळायला ठेवलेल्या गरीब पोरींची. त्यांना कधी एकदा सण येतो आणि आपण घरी जातो असं झालेलं आहे, आणि ते त्या मालकाच्याच बाळाला गाऊन सांगतात. मालक बाहेरच्या खोलीत ऐकत असणार. स्पेनचा कवी लोर्का याने 1928 साली माद्रिदमध्ये अंगाईवर व्याख्यान दिलं. स्पेनमध्ये पोरांना निजवायला इतकी दुःखी गाणी का, असा त्याचा प्रश्न होता, आणि उत्तर असं की ती गाणी गरीब बायकांनी केलेली. दिवसभराचं ओझं त्या दुसऱ्या कुणापुढे उतरवणार?

आपल्याकडे त्यासाठी जातंही होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हॅं यांनी खेडोपाडी हिंडून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या लाखावर गेल्या. माझ्या आईने जातं सोडून पन्नास वर्षं झाली, ओवी सोडलेली नाही. पणतीला मांडीवर घेऊन ती गाते तेव्हा चाल अतिशय गोड असते. शब्दांमध्ये माझ्या काकांनी वाटणीत ढापलेली पितळी घंगाळं असतात. नात पाच मिनिटांत झोपते. मी जागा राहतो, कारण चौथ्या ओवीत 'माझा लेक तेव्हा काहीच बोलला नाही' असं येतं.

अंगाई किती मनावर घ्यावी याचा कळस मार्कंडेय पुराणात आहे. राणी मदालसा बाळाला निजवताना गायची ती थेट वेदान्त. तू शुद्ध आहेस, तुला नाव नाही, हा देह म्हणजे तू नव्हेस, मग रडतोस कशाला, अशा अर्थाचं. पहिला मुलगा मोठा होऊन विरक्त झाला. दुसरा झाला. तिसराही झाला. तेव्हा कुठे राजाच्या लक्षात आलं की राज्य चालवायला कुणी उरत नाही, आणि चौथ्याच्या वेळी त्याने राणीला हात जोडले: याला कृपा करून राजकारण शिकव. तीन मुलगे संन्यासाला लागेपर्यंत हा मनुष्य पाळण्याजवळ एकदाही गेला नसणार. वडील मंडळींची ही सवय पुराणकाळापासूनची दिसते. बाकी मदालसेला खरं काही सांगायचं होतं ते नवऱ्यालाच, असा मला दाट संशय आहे. बाळाला वेदान्त कशाला? बाळ आधीच निःसंग असतं. ज्याला दुपट्याचीही शुद्ध नाही त्याला देहाची आसक्ती सोडायला काय सांगायचं?

जावईबापूंनी फर्मान मागे घेतलं नाही. त्यांच्या तोंडून आजवर एकही भूभू निघालेला नाही. पण एका दुपारी मी पेपर वाचत असताना ते बाळाजवळ बसले आणि स्वच्छ, प्रमाण मराठीत म्हणाले, 'बाळ, आजीला सांग, सलग सहाव्या दिवशी दुधी भोपळा आहे. बाळंतिणीला तो हितकारक आहे याबद्दल दुमत नाही. परंतु जावई बाळंत झालेला नाही.' व्याकरणात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळी बटाटेवडे झाले.

मग मुलगी बाळाला घेऊन बंगळुरूला गेली आणि आमची पंचाईत झाली. दोघांनाही थेट बोलण्याची सवय सुटलेली. व्हिडिओ कॉलवरून आम्ही ते टपालखातं चालवून पाहिलं, पण 'आजोबांना सांग, गोळी घ्या' हे वाक्य डोंबिवलीतून बंगळुरूला जाऊन पुन्हा डोंबिवलीत येईपर्यंत गोळीची वेळ टळते. तेवढ्यात नात स्क्रीन चाटते आणि संपर्क तुटतो.

शेजारच्या काका-काकूंनी यावर तोडगा काढलाय. त्यांचा मुलगा कॅनडात, तिकडे अजून काही हालचाल नाही, म्हणून त्यांनी मांजर पाळलं आहे. सिडनीतल्या संशोधकांनी 2002 साली आयांचं बाळांशी आणि कुत्र्या-मांजरांशी बोलणं शेजारी शेजारी ठेवून तपासलं होतं. आवाज दोघांसाठी चढतो; मात्र स्वर नीट ताणून, सुटे सुटे करून बोलतात ते फक्त बाळासाठी, बहुधा मांजर कधी बोलायला लागेल अशी कुणाचीच अपेक्षा नसल्यामुळे. काका-काकूंचंही तसंच आहे. भिंतीपलीकडून रोज ऐकू येतं: 'मनीबाई, त्यांना सांगा, चहा गार होतोय.' 'मने, तिला सांग, साखर कमी आहे.' मनी दोघांचंही ऐकून घेते, उठते आणि आमच्या दारात येऊन बसते. ते शाकाहारी आहेत, आणि आमच्याकडे बुधवारी बांगडे असतात.