हातातलं आणि हाताबाहेरचं

दहावीच्या वर्गाला उपदेश करायची संधी मी सोडत नाही, कारण उपदेश करताना मी भारदस्त दिसतो असा माझा समज आहे. यंदा विषय होता, आपल्या हातात काय आणि काय नाही. फळ्यावर दोन वर्तुळं काढली. आतल्या वर्तुळात अभ्यास, झोप, अक्षर. बाहेर अवघड पेपर, तपासनीस, निकाल. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७वा श्लोक झाला, मग एपिक्टेटस. जन्मानं गुलाम असलेला हा तत्त्वज्ञ नेमकी हीच वाटणी शिकवायचा. स्वतः त्यानं काही लिहिलं नाही, शिष्य एरियननं टिपून ठेवलं. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हटलं. कुणीही टिपून घेत नव्हतं.

"सर, पंखा वाढवा ना."

आमच्या वर्गातल्या रेग्युलेटरवर मी ग्रंथ लिहू शकेन. काळा ठोकळा, १ ते ५ आकडे, त्यातला ३ बोटांनी झिजून गेलेला. बटण कुठंही न्या, पंख्याची गती एकच. तरी वर्गात येणारा प्रत्येक शिक्षक आधी तो फिरवतो, मग हजेरी घेतो. तपासणीला आलेल्या साहेबांनीही फिरवला होता आणि समाधानानं मान डोलावली होती. मी २ वरून ४ वर नेला की मुलंही "हां, आता बरंय" म्हणतात. शिपाईकाका तेवढे लांबून सांगतात, "हात लावू नका सर, फिरतोय तोवर फिरू दे." एपिक्टेटस याहून फारसं वेगळं सांगत नाही, जरा लांबवतो इतकंच.

मग शेवटच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, आमच्याकडे एकच खोली आहे. रात्री अकरापर्यंत टीव्ही चालू असतो. तो कुठल्या वर्तुळात लिहू?"

नियमाप्रमाणे बाहेरच्या. पण टीव्ही काही पाऊसपाणी नव्हे, त्याचा रिमोट कुणाच्या तरी हातात असतोच. मला चीड येते ती इथं. ज्याच्या हातात रिमोट त्याला श्लोक कुणी ऐकवत नाही. सोसायचं शिक, हे ऐकायला कायम पोरंच. शाळा तरी काय? निकालाची चिंता करू नका म्हणते आणि निकाल लागला की फाटकावर १०० टक्क्यांचा फ्लेक्स लावते. त्यावर माझा फोटो तिसऱ्या रांगेत का, हे मीच ऑफिसात जाऊन विचारलं होतं.

त्या मुलीला मी म्हटलं, "बाहेरच्या वर्तुळात लिही, आणि पुढं कंसात बाबांचं नाव लिही." वर्ग हसला, ती नाही हसली. ग्रंथालयाची किल्ली माझ्याकडेच असते. हल्ली ते संध्याकाळी आठपर्यंत उघडं असतं.

रात्रीचं मात्र माझ्या हातात नाही. तेव्हा पालकहो, परीक्षा होईपर्यंत जेवणं उरकली की टीव्ही बंद करा. मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा दाखवतात.