काड्या कुणी घातल्या?

शनिवारी रात्री फुटपाथवर पाऊण तास उभं राहिल्यावर आम्हाला टेबल मिळालं. कोपऱ्यावरचं थाई हॉटेल. नाव सांगत नाही, रांगेवरून ओळखाल. बसल्या बसल्या मेहुण्यांनी वेटरला हात जोडून ‘सवादी का’ म्हटलं. (तो ‘का’ थायलंडात बायका लावतात, पुरुष ‘ख्राप’ म्हणतात. पण मेहुणे तिथे चार रात्री, पाच दिवस राहून आलेले. सांगणार कोण?) वेटर म्हणाला, ‘पाणी साधं की बाटलीचं?’

मग काड्या आल्या. कागदी म्यानातल्या, प्रत्येकी दोन. चमचा नाही.

ग्रीन करी आली. नारळाच्या दुधाचा पातळ रस्सा, आणि तो काड्यांनी उचलायचा. शेजारच्या टेबलावर आजींनी चमचा म्हणायला तोंड उघडलं, तर नात दबक्या आवाजात खेकसली, ‘आजी, प्लीज! इथे असंच खातात.’

कुठे खातात, बाई? बँकॉकात उजव्या हातात चमचा, डाव्या हातात काटा. काट्याने घास चमच्यात लोटायचा आणि चमचा तोंडात घालायचा. काड्या निघतात त्या मुख्यतः नूडल्सच्या वाडग्याला, त्याही मूळच्या चिन्यांच्या. ईशान्येकडच्या ईसान भागात तर चिकट भाताचा लहानसा मुटका वळून हाताने खातात. हाताने! आणि आपण, सात पिढ्या पाची बोटांनी आमटीभात कालवणारे, ती बोटं लपवून, थाई लोकांच्या नावाने, चिनी काड्यांनी एकेक शीत वेचतोय. कोंबडीसुद्धा याहून भरभर टिपते! लाज नेमकी कशाची वाटते हो, हाताची की आजीची? मेहुण्यांनी वीस मिनिटांत अकरा शितं खाल्ली, मी मोजली. बाराव्याच्या नादात बेबीकॉर्न सटकलं ते थेट आजींच्या पर्समध्ये. आजींनी ते निमूटपणे बाहेर काढलं आणि खाल्लं. त्या हॉटेलात त्या रात्री पोटात गेलेला तेवढाच एक सरळ घास. काचेपलीकडे तीस माणसं आमच्या ताटांकडे डोळे लावून उभी होती. पाऊण तासाचं वेटिंग कशामुळे होतं, ते तेव्हा कळलं.

बिल देताना गल्ल्यावर विचारलं, ‘चमचे ठेवतच नाही का?’

‘ठेवतो की. हे काय, खणात आहेत. मागतं कोण?’

तेव्हा पुढच्या शनिवारी जाणाऱ्यांनी बसल्या बसल्या मोठ्याने चमचा मागावा. बाहेर मी उभा असेन.